जपानी सशांचे उंदीर

वाशीमच्या बाजारात माझं पेनदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एका शिंप्याच्या ओट्यावरची चार फूट जागा, एक पेटी, स्पिरिटचा दिवा आणि डोक्यावर पाटी : 'जपानी, जर्मन, अमेरिकन पेने गॅरंटीने दुरुस्त होतील'. पाटी रंगवली तेव्हा यांपैकी फक्त जर्मन पेन मी पाहिलं होतं, तेही एका साहेबांच्या खिशाला लावलेलं, रस्त्याच्या पलीकडून.

या दुकानापायी मी एका निरपराध माणसाला चोर ठरवलं. तेव्हा एक वाक्य बोललो असतो तर तो सुटला असता. ते वाक्य आता लिहितो आहे. पण त्याआधी धंदा समजावून सांगायला हवा, नाहीतर माझा गुन्हाही समजणार नाही.

फाउंटन पेनच्या निबखाली एक काळी जीभ असते. तिच्या चिरेतून शाई खाली उतरते आणि तेवढीच हवा वर चढते. हवा चढली नाही तर पेन लिहीत नाही, जास्त चढली तर पेन गळतं. सगळा धंदा या दोन तक्रारींचा. अडकलेलं पेन दिव्यावर जरा शेकायचं, सैल झालं की उघडायचं, जीभ धुवायची, निबची टोकं नखावर धरून सरळ करायची. एवढंच. पण आतली दुरुस्ती गिऱ्हाइकाला दिसत नाही, त्याला बाहेरची चमक दिसते. म्हणून पेन परत देण्यापूर्वी फलाटीनच्या चिंधीवर खोबरेल आणि राखुंडी घेऊन ते घासायचं. कुठलंही पेन असो, घासायचंच. हा माझ्या दुकानाचा नियम होता आणि पुढचं सगळं रामायण याच नियमातून झालं.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एका अर्जनवीसाची निब इतकी वाकडी होती की मला दया आली. त्यांनी फक्त जीभ धुवायला दिली होती. मी निबही सरळ करून दिली. चौथ्या दिवशी ते ओट्यावर आले आणि म्हणाले, "काय करून ठेवलं गा हे? माही सही मलेच वळखू येऊन नाई राह्यली. कचेरीतला बाबू म्हनते, दुसऱ्यानं केली." मी ती निब पुन्हा होती तशी वाकडी करून दिली. सरळ करण्यापेक्षा ते काम अवघड गेलं.

लग्नसराईत लोक नुसतं टोपण मागायला येत. खिशाला पेन लावलं की वरून टोपणच दिसतं, मग खालचं पेन कशाला, हा हिशोब. माझ्याकडे मेलेल्या पेनांची टोपणं पडलेली असत. मालेगावच्या एका नवरदेवाला मुलीच्या मामानं मांडवातच पत्ता लिहून मागितला. नवरदेवानं खिशातून टोपण काढलं, सगळ्यांसमोर उघडं तोंड खाली करून पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "पेन घरी ठेवलं. गर्दीत हरपते." मामाला ते पटलं. लग्न लागलं. असा तो काळ होता. पेन ही तेव्हा लिहिण्याची वस्तू कमी आणि पाहण्याची जास्त होती.

अशात एका सकाळी रामराव हवालदार आले. ते मेडशीकडच्या एका गावचे. गावाचं नाव लिहीत नाही, तिथले लोक अजून माझ्यावर प्रेम करतात. मोठी लढाई संपल्यावर जपानात पहाऱ्याला जी हिंदी पलटण गेली होती, तिच्यात हवालदार होते. तिथल्या एका म्हाताऱ्याला साखरेचे दोन डबे देऊन त्यांनी एक पेन आणलं होतं. ते त्यांनी लष्करी रुमालातून काढून माझ्यापुढे ठेवलं.

ते पेन पाहून मी हात धुऊन आलो. जाड, काळंभोर, आत खोल पाणी असावं तसं काळं. त्यावर सोन्याच्या लाटा आणि लाटांवरून पळणारे दोन ससे. सशांचे कान मागे पडलेले, केसागत बारीक रेषांचे. ही कारागिरी कशी करतात ते मी पुढे वाचनालयात बसून वाचलं. जपानात एका झाडाचा चीक काढतात आणि पेनावर त्याचे एकावर एक लेप देतात. मग त्याच ओल्या चिकानं चित्र काढायचं आणि ते वाळायच्या आत त्यावर सोन्याची भुकटी भुरभुरायची. एका पेनाला महिनेच्या महिने लागतात.

"लिवतच नाई," हवालदार म्हणाले.

"शाई कोणती भरता?"

"शाई सरली होती. बुटाचं पालिश पातय करून भरलं."

मी आठ दिवस खपून ते पालिश काढलं. पेन इतकं सुरेख चालायला लागलं की मला स्वतःचा अभिमान वाटला. आणि त्या अभिमानाच्या भरात, नियमाप्रमाणे, मी चिंधीवर राखुंडी घेतली आणि पेन घासलं.

दोन सशांना मिळून चार कान होते. चारही गेले. बोटं जिथे टेकतात तिथला काळा लेपही पांढुरका पडला.

त्या दिवशी मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी परटाकडे कपडे द्यायला गेलो तर तो धोतरांच्या कोपऱ्याला बिब्ब्यानं खुणा करत होता. बिब्ब्याची खूण धोतर फाटलं तरी जात नाही. माझ्या डोक्यात उजेड पडला. पेन देताना हवालदार म्हणाले होते, जपानी रंग झाडाचा असतो. बिब्बाही झाडाचा. तोही काळा, हाही काळा. तोही जात नाही, हाही जात नाही. बिब्बा अंगाला लागला तर उततो, फोड येतात, हे आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं. मीही जाणत होतो. पण वाळल्यावर काय होणार आहे, असं मी स्वतःला सांगितलं.

बिब्ब्याच्या तेलात काजळ खलून मी लेप दिला. वैद्याकडून सोन्याच्या वर्खाचं एक पान आणलं आणि कान काढायला बसलो. कुंचला म्हणून माझ्याच मिशीचे तीन केस होते. ते ऐन वेळी वाकले आणि रेघा डोक्याकडे जायच्या त्या पाठीमागे गेल्या. कानांच्या शेपट्या झाल्या. बिनकानाचे, लांब शेपटीचे दोन प्राणी लाटांवरून पळू लागले. मग मी पेन चैत्राच्या उन्हात वाळत ठेवलं. असे लेप ओलसर हवेत घट्ट होतात, कोरड्या उन्हात वरून वाळल्यासारखे दिसतात आणि आतून तसेच राहतात, हेही मी पुढे त्याच वाचनालयात वाचलं. वाचनालयात मी सगळंच उशिरा वाचलं.

हवालदारांनी पेन रुमालातच धरून बराच वेळ फिरवून पाहिलं. "सशे होते ना गा हे?"

"जपानी ससे असेच असतात, हवालदारसाहेब. पालिशनं कान बसले असतील."

"असन," ते म्हणाले. "मी दीड वर्स तिथं होतो, पन ससा काई दिसला नाई."

महिनाभरानं हवालदार पुन्हा आले. चेहऱ्यावर भक्तिभाव. त्यांच्या गावच्या पटवाऱ्यानं एका धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणात पंचनामा लिहायला हवालदारांचं रुमालात जपून ठेवलेलं पेन मागून घेतलं होतं. तिसऱ्या दिवशी पटवाऱ्याचा हात मनगटापर्यंत फोडांनी भरला.

"पटवारी खोटं लिवे, थे साऱ्या गावाले मालूम होतं," हवालदार म्हणाले. "पन पकडे कोन? पेनानं पकडलं. आमच्या गुरवानं पाह्यलं तं त्याच्यावर उंदरं निंगाले. गनपतीचं वाहन. तुमी दुरुस्त केल्यापासून पेन जागृत झालं."

इथे पहिलं वाक्य बोलायला हवं होतं. "हवालदारसाहेब, तो बिब्बा आहे." चार शब्द. पण ओट्यावर तीन गिऱ्हाइकं बसली होती, डोक्यावर गॅरंटीची पाटी होती, आणि शिंपी कात्री थांबवून ऐकत होता. मी म्हणालो, "देवाची कृपा." त्या आठवड्यात माझ्याकडे अकरा पेनं आली. दोघांनी तर विचारलं की आमचंही जागृत करून द्याल का.

मग गॅसबत्तीचं प्रकरण झालं.

हवालदारांच्या गावात साऱ्या गावाची मिळून एक गॅसबत्ती होती. कोणाचंही लग्न असो, तीच वरातीपुढे चालायची. ती पेटवणं सोपं नव्हतं. जाळी फुटू न देता पंप मारायचा, वारा सांभाळायचा. ते काम गावात एकाच माणसाला येई, त्याचं नाव संपत. पंचविशीतला, काटक, बोलायला लाजाळू. पण डोक्यावर बत्ती घेऊन वरातीपुढे चालायला लागला की नवरदेवापेक्षा ताठ. लग्नात त्याला नवऱ्याच्या पंगतीला बसवत. तेवढाच त्याचा मान आणि तो त्याला पुरत होता.

दोन लग्नं तोंडावर आली असताना बत्ती चावडीतून नाहीशी झाली. सरपंचांनी ठरवलं, गावातला प्रत्येक पुरुष पेन हातात धरेल, 'मी बत्ती नेली नाही' असं म्हणेल आणि वहीत सही करेल; ज्याला सही येत नाही तो रेघ ओढेल. तिसऱ्या दिवशी पारावर सगळ्यांचे हात पाहायचे.

पेनात शाई भरायला मला मानानं बोलावलं. बैलगाडी पाठवली होती. गाडीत मी मनाची समजूत घालत होतो की एवढ्या दिवसांत लेप वाळला असेल. पारावर शंभरेक लोक जमले होते. मी पेन हातात घेतलं ते रुमाल गुंडाळून. लोकांना वाटलं, केवढा आदर. मागून कोणी तरी उपरणं काढून तसंच करायला निघाला तेव्हा सरपंच म्हणाले, "त्यायचं वेगयं हाये. थे पेनाचे डाक्टर. तुमी उघड्या हातानं धरा." मग माझ्याकडे वळले. "डाक्टर, पेनात काई दोष तं नाई ना?"

माझ्या हातात रुमाल होता. तो रुमालच उत्तर होता. मी म्हणालो, "नाही."

रांग लागली. गावात सही येणारे दहाबारा. त्यांच्या सह्या म्हणजे एक वेलांटी आणि एक फराटा. बाकीच्यांनी इंगळाला हात लावावा तशा घाईनं रेघा ओढल्या आणि हात अंगापासून लांब धरून बाजूला झाले. एकानं तर रेघ ओढण्याआधीच सांगून टाकलं, "बत्ती नाई नेली, पन मागच्या साली मारोतीच्या देवयातला नारय मी खाल्ला. हे आधीच सांगून ठेवतो."

संपतची पाळी आली. तो नुकताच रात्रशाळेत लिहायला शिकला होता. गावापुढे लिहिण्याची ही त्याची पहिलीच वेळ. रेघ ओढून तो गेला असता तर काहीच झालं नसतं. पण त्यानं पेन मुठीत घट्ट धरलं, जीभ दातांत धरली आणि आपलं नाव, बापाचं नाव, आडनाव, मुक्काम, पोस्ट, तालुका असं सगळं लिहिलं. तालुका लिहिताना चुकला, तो शब्द खोडला, पुन्हा लिहिला. घामानं हात ओला झाला होता. सगळे वाट पाहत होते. त्याचं लिहून झाल्यावर त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बराबर हाये ना, डाक्टरसाहेब?"

मी म्हणालो, "अक्षर छान आहे."

तिसऱ्या दिवशी मी तिथे नव्हतो. हवालदारांनी येऊन सांगितलं. बोटापासून तळव्यापर्यंत हात उतला होता तो एकट्या संपतचा. सरपंचांच्या बोटावरही दोन फोड होते, ते घामोळं ठरलं. संपतला कोणी मारलं नाही, पोलिसात दिलं नाही. सरपंच एवढंच म्हणाले, "आता गावाच्या बत्तीले तुह्या हात लागाचा नाई." तो काही बोलला नाही. नवी बत्ती आली, ती पेटवायला दुसरा माणूस शिकला. त्यानं पहिल्या लग्नात तीन जाळ्या फोडल्या, पण त्याचा हात स्वच्छ होता. संपतला कोणी पंगतीला बोलावेना. पावसाळ्याआधी तो बायकोला घेऊन तिच्या माहेरी इंझोरीला निघून गेला. जुनी बत्ती कोणी नेली ते आजवर कळलेलं नाही.

पुढे बॉलपेन आलं, माझा ओटा सुटला. शाईची पेनं गेली तशी मला झोपही कमी येऊ लागली. तीसेक वर्षांनी एके दिवशी एसटीत बसलो आणि त्या गावी उतरलो. हवालदार नव्हते, जुने सरपंच नव्हते. सरपंचांचा मुलगा किसनराव पारावर बसला होता, तोही आता म्हातारा. पेन मारुतीच्या देवळात काचेच्या पेटीत होतं. हळदकुंकवानं उंदीर नीट दिसत नव्हते.

मी सगळं सांगितलं. राखुंडी, कान, बिब्बा, रुमाल, सगळं. शेवटी म्हणालो, "संपत चोर नव्हता."

किसनरावांनी शांतपणे ऐकून घेतलं. "तुमी खरं बोलून राह्यले, हे कशावरून समजाचं?"

"मी कशाला खोटं बोलू?"

"थे आमी कसं सांगू बाप्पा? पेन धरा."

निब शाईत बुडवून मी पेन धरलं. उघड्या हातानं, संपतनं धरलं होतं तसं घट्ट धरून वहीत लिहिलं, 'बिब्बा मी लावला होता.' मग तीन दिवस किसनरावांच्या घरी राहिलो. बाहेर गेलो तर हाताला काही लावीन, म्हणून माझ्याबरोबर कोणी ना कोणी असे. तीस वर्षांत लेप दगडासारखा वाळला होता, होणार काय? तिसऱ्या दिवशी पारावर हात पुढे केले. स्वच्छ.

"खरे बोल्ले तुमी," किसनराव म्हणाले.

"म्हणजे संपत चोर नाही."

"असं कसं? पेनानं तुमाले खरं म्हनलं, म्हंजे पेन खरं. पेन खरं, तं संपत चोर."

"अहो, पण पेन खोटं आहे, हेच तर मी खरं बोललो ना?"

"पेन खोटं असतं तं तुमचे हात उतले असते."

मी डोकं धरून बसलो. शेजारचे एक आजोबा माझी समजूत घालू लागले. "डाक्टर, तुमी बिब्बा लावला असन. आमी नाई म्हनत नाई. पन रांगीत साऱ्यायनं धरला, उतला कोनाले?"

"सरपंचांनाही उतला होता."

"थे घामोयं होतं," तिघेचौघे एकदम म्हणाले.

त्यांनी नारळ फोडला, मला पुरणाचं जेवण घातलं आणि एसटीपर्यंत पोचवायला आले. पेनाच्या चमत्कारांत माझीही गोष्ट जमा झाली : वाशीमचा डाक्टर स्वतः आला, पेन धरलं, आणि पेनानं त्याला खरं ठरवलं. मी संपतला सोडवायला गेलो आणि त्याच्यावर दुसऱ्यांदा शिक्का मारून आलो.

तिथून इंझोरीला गेलो. संपत घराच्या सावलीत अंबाडीची दोरी वळत होता. केस पांढरे, हात मात्र तेच. मी नाव सांगितलं. त्यानं बसायला पोतं दिलं. मी पुन्हा सगळं सांगितलं. या वेळी खाली बघून. त्याची बायको चहा ठेवून गेली तरी तो दोरी वळतच होता.

"बिब्बा," तो शेवटी म्हणाला.

"बिब्बा."

"नुस्ता बिब्बा?"

"आणि थोडं काजळ."

तो हसायला लागला. हसता हसता ठसका लागला. मग म्हणाला, "मी बत्ती नाई नेली, डाक्टरसाहेब. पन दर लग्नात त्या बत्तीतलं अर्धी शिशी राकेल मी काढून नेत होतो. घरी दिवा लावाले. मले वाटलं, पेनानं थे पकडलं. म्हून मी गप राह्यलो. देवानं पाह्यलं, आता भांडाचं कायले? तवापासून मी कोनाच्या वावरातला हरबरासुदा उपटला नाई. तीस वर्स. बिब्ब्याच्या भेवानं."

त्यानं दोरी बाजूला ठेवली. "माह्या पोरीले दोन जाग्याहून नकार आला. बाप चोर म्हून. माहा भाऊ मेला, तं गावातल्यायनं तिरडीले हात लावू देल्ला नाई मले. हे बिब्ब्याचं काम नाई, डाक्टर. हे तुमचं काम."

"हो," मी म्हणालो.

"आता काय करता?"

"गाव ऐकत नाही. लिहून काढतो. कुठेतरी छापून आणतो. रॉकेलचं मात्र लिहीत नाही."

"काहून?"

"लोक म्हणतील, होताच चोर."

"मंग म्हनू द्या," संपत म्हणाला. "अर्धं लिवसान तं लोकायले वाटन, संपतनं याले जेवू घातलं म्हून यानं लिवलं. जे नेलं थे नेलं म्हना, तवा जे नाई नेलं थे लोकायले पटन. सारं लिवा, नाईतं कागदाले हात लावू नका."

या गोष्टीलाही आता कितीतरी वर्षं झाली. संपत गेला. मी अनेकदा लिहायला बसलो आणि दर वेळी रॉकेलपाशी थांबलो. एका भल्या माणसाची चोरी आपल्या हातानं लिहायची, तीही त्याला निर्दोष ठरवण्यासाठी, हे मला जमत नव्हतं. खरं सांगायचं तर पुन्हा माझ्याच हातावर रुमाल होता. पण त्यानं अट घातली होती आणि ती घालण्याचा हक्क फक्त त्याचा होता.

तेव्हा लिहितो. संपतनं दर लग्नाला अर्धी बाटली रॉकेल नेलं. बत्ती नेली नाही.